तिसरा पुंजका

काही शास्त्रीय निबंधांचा निष्कर्ष पुढे खुद्द त्यांच्या लेखकांनीच मागे टाकलेला असतो, आणि तरीही ते वाचण्यातला आनंद तसूभरही उणावत नाही. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७६ साली ‘जर्नल ऑफ जेरोंटॉलॉजी’मध्ये आलेला निबंध माझ्या लेखी या जातीचा आहे. विषय ऐकायला रुक्ष: व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली निरनिराळ्या वयाच्या प्रौढांनी भरली, तर तिच्या उत्तरांची आतली वीण वयागणिक बदलते का? माणसं वयाने बदलतात का, हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. लग्नाच्या मांडवात, सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात, जुन्या मित्राला वीस वर्षांनी भेटून घरी परतताना. या दोघांचा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. माणूस साठीत अधिक चिंताग्रस्त झाला की कमी, हे सांगण्याआधी ज्या गोष्टी आपण ‘चिंता’ या एका नावाखाली बांधल्या आहेत, त्या तिशीत जशा एकमेकींना धरून असतात तशाच साठीतही असतात का, हे त्यांना पाहायचं होतं. घाईच्या माणसाला ही पायरी दिसतही नाही. रसिकाने मात्र तिथेच बसकण मारावी, इतकं तिथे पाहण्यासारखं आहे.

आधी वयाचे गट बघू. २५ ते ३४, ३५ ते ५४, आणि ५५ ते ८२. किती निरागसपणे हे आकडे शेजारी शेजारी बसले आहेत! पहिल्या गटात दहा वर्षं, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तब्बल अठ्ठावीस. रोज सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा पंचावन्नचा गृहस्थ आणि ब्याऐंशीचे पणजोबा एकाच रकान्यात. म्हातारपणाचा हिशेब नेहमी असा घाऊक होतो, याची जाणीव हा रकाना न बोलता करून देतो. सुमारे हजारभर माणसं, सगळे पुरुष. बॉस्टनमध्ये माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने १९६३ साली वार्धक्याचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला होता, त्यातले हे स्वयंसेवक. प्रकृतीने धडधाकट, म्हणूनच निवडलेले. आजचा परीक्षक इथे भुवया उंचावेल आणि त्यात त्याचं काही चूक नाही. आपण ही मर्यादा ध्यानात ठेवू आणि पुढे जाऊ, कारण मौज तिच्या आत आहे.

रेमंड कॅटेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली माणसाला सोळा मोजपट्ट्यांवर तोलते. कोस्टा आणि मॅक्रे यांनी प्रत्येक वयोगटात या सोळा पट्ट्या आपसांत कशा जुळतात, कोण कोणाच्या संगतीला जाऊन बसतं, हे वेगवेगळं पाहिलं. पहिला पुंजका चिंतेचा आणि मनाच्या स्वस्थतेचा. तो तिन्ही वयांत सारखाच जमला. दुसरा अंतर्मुखतेचा आणि बहिर्मुखतेचा; तोही तसाच. इथवर सगळं समेवर. आणि मग येतो तिसरा. तरुणांमध्ये तो भावनांभोवती गोळा झालेला, मध्यमवयीनांमध्ये विचारांभोवती, आणि वृद्धांमध्ये भावना व विचार दोन्ही एकत्र नांदणारा. हा क्रम जरा मनात घोळवून बघा. पंचविशीत नव्या अनुभवाचं स्वागत हृदयाने करायचं, चाळिशीत बुद्धीने, आणि पुढे केव्हातरी दोघांचं भांडण मिटून जायचं! संख्याशास्त्राच्या कोरड्या तक्त्यातून आयुष्याची अशी बांधेसूद त्रिपदी उगवावी, यासारखं सुख नाही.

सुख इतकं नेटकं असलं की शंका यावी, आणि ती यायलाच हवी. हे तीन गट म्हणजे एकाच माणसाचे तीन टप्पे नव्हेत. एकाच वेळी जिवंत असलेल्या तीन पिढ्या आहेत. त्यांतल्या सत्तरीच्या माणसाने पहिलं महायुद्ध आणि महामंदी दोन्ही पाहिलेली होती. तिशीचा माणूस दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत वाढला होता. वय आणि पिढी यांची ही गुंतागुंत के. वॉर्नर शाय यांनी १९६५ सालीच उलगडून मांडली होती. शिवाय दुसरी एक गोम अशी, की कॅटेल यांच्या सोळा पट्ट्यांत या तिसऱ्या पुंजक्याला पाय पसरायला फारशी जागाच नव्हती. मोजक्या दोन-चार पट्ट्यांवर उभी असलेली आकृती थोड्या धक्क्यानेही आपला आकार बदलते. तेव्हा ती सुंदर त्रिपदी वयाची होती, पिढीची होती, की मोजणाऱ्या साधनाच्या तोकडेपणाची?

इथे या दोन लेखकांचं मोठेपण मला दिसतं. आपल्या देखण्या निष्कर्षाला कवटाळून न बसता ते त्या डळमळत्या पुंजक्याच्याच मागे लागले. त्याला त्यांनी नाव दिलं अनुभवांविषयीचा खुलेपणा, आणि त्याला पुरेशी जागा देणारी स्वतःची प्रश्नावली रचली. मनाची अस्थिरता, बहिर्मुखता आणि खुलेपणा या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं ‘निओ’. पुढे मिळतेजुळतेपणा आणि कर्तव्यदक्षता हे दोन घटक येऊन मिळाले, पाचांची बैठक पुरी झाली, तरी नाव तेच राहिलं. १९९२च्या सुधारित आवृत्तीची बांधणी पाहण्यासारखी आहे: पाच घटक, प्रत्येकाची सहा अंगं, प्रत्येक अंगाला आठ विधानं, मिळून २४०. आता खुलेपणाची सहा अंगं क्रमाने वाचा: कल्पनाविलास, सौंदर्यदृष्टी, भावना, कृती, विचार, मूल्यं. तिसरं आणि पाचवं ओळखीचं वाटलं ना? १९७६च्या निबंधात तरुणांची म्हणून पुढे आलेली भावना आणि मध्यमवयाचा म्हणून पुढे आलेला विचार, दोघंही आता एकाच घरात आपापल्या खोलीत राहायला आले आहेत. आणि या नव्या, ऐसपैस साधनाने पाहिलं तेव्हा घराची रचना तिशीतही तीच आणि सत्तरीतही तीच, असं मत या दोघांनी पुढे ठामपणे मांडलं. पहिल्या निबंधातली लाडकी त्रिपदी अशी त्यांच्याच हातून विरली.

सौंदर्यदृष्टीच्या अंगाखालचं एक विधान तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. कविता वाचताना किंवा एखादी कलाकृती पाहताना अंगावर शिरशिरी येते का, असा त्याचा आशय. मॅक्रे यांनी २००७ साली ५१ संस्कृतींमधली उत्तरं तपासली आणि खुलेपणाची खूण म्हणून हे विधान जगभर भरवशाचं ठरतं, असं दाखवलं. भरतमुनींनी आठ सात्त्विक भावांत रोमांचाची गणना केली तेव्हा त्यांच्यापुढे पाच पर्यायांची मोजपट्टी नव्हती, पण सहृदयाची परीक्षा मनापेक्षा त्वचेवर लवकर होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. ही प्रश्नावली मराठीतही आली आहे. लोधी, देव आणि बेल्हेकर या संशोधकांनी तिचं मराठी रूप वापरून केलेलं काम मॅक्रे आणि युरी अलिक यांनी संपादित केलेल्या २००२च्या ग्रंथात समाविष्ट आहे, आणि पाच घटकांची मांडणी मराठी उत्तरांतही ओळखता येते.

आता जरा यंत्रशाळेत डोकावू. दोन वयोगटांची रचना ‘सारखी’ आहे, हे ठरवायचं कसं? घटक विश्लेषणातून, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या उत्तरांमागचे मोजके घटक शोधणाऱ्या गणितातून, निघालेले अक्ष अवकाशात हवे तसे फिरवता येतात. त्यामुळे तरुणांची आकृती एका कोनातून दिसते आणि वृद्धांची दुसऱ्या, एवढ्यावरून त्या वेगळ्या आहेत असं म्हणता येत नाही. म्हणून एक आकृती दुसरीच्या दिशेने वळवून घेतात आणि मग त्या किती जुळल्या ते मोजतात. या वळवण्याला १९६२ साली हर्ली आणि कॅटेल (हो, तेच कॅटेल) यांनी नाव दिलं प्रोक्रस्टीसचं. ग्रीक पुराणातला हा वाटमाऱ्या पांथस्थाला आपल्या पलंगावर निजवायचा. पाहुणा आखूड पडला तर ताणायचा, लांब पडला तर पाय छाटायचा. आपल्याच पद्धतीला असं बदनाम नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तितकी थोडी. पण बारकाईने पाहिलं तर नाव कृतीपेक्षा क्रूर आहे. अक्ष काटकोनात ठेवून केलेलं फिरवणं पाहुण्याला ना ताणतं ना छाटतं. नुसतं कुशीवर वळवतं. अवयवांमधली अंतरं जशीच्या तशी राहतात. वळवल्यावर जुळणीचा जो निर्देशांक येतो तो पूर्ण जुळल्यास १ असतो, ०.९५च्या वर गेला की दोन्ही आकृती व्यवहारात एकच मानायची रीत आहे. यावर कोणी म्हणेल, इतकं वळवल्यावर काहीही जुळेल. मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली या आक्षेपाला रीतसर उत्तर दिलं: त्यांनी निरर्थक, यादृच्छिक आकडेही तसेच वळवून पाहिले आणि खऱ्या माणसांची उत्तरं त्या योगायोगाच्या कितीतरी वर जुळतात, हे दाखवलं.

त्याच निबंधात एक कबुलीही आहे, आणि ती मला अधिक आवडते. अधिक कडक मानली जाणारी दुसरी पद्धत, आधी मांडणी ठरवून मग ती आकड्यांवर ताडून पाहणारी, ‘निओ’ प्रश्नावलीलाच नापास करत होती. त्या पद्धतीत प्रत्येक विधानाने एकाच घटकाशी एकनिष्ठ राहावं, अशी अपेक्षा असते. आणि माणसांच्या बाबतीत ही एकनिष्ठा कधीच पुरती सापडत नाही. ज्याला ठामपणे बोलता येतं तो बहिर्मुखही असतो आणि थोडा कमी मिळताजुळताही. लेखकांनी दोष पद्धतीच्या माथी मारला. मला वाटतं, इथे त्यांनी थोडी घाई केली. पद्धतीचा कडकपणा जाचक होता खरा, पण त्यातूनच पुढचा सगळ्यात रसाळ भाग उगवला.

तो भाग म्हणजे मापनाची समानता तपासण्याच्या पायऱ्या. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल योरेस्कोग यांनी १९७१ साली अनेक समूहांवर एकाच वेळी घटक ताडून पाहण्याची वाट दाखवली, आणि विल्यम मेरेडिथ यांच्या १९९३च्या निबंधाने पायऱ्यांचा अर्थ पक्का केला. पहिली पायरी सोपी: दोन्ही वयांत तीच विधानं त्याच घटकाखाली येतात का? दुसरीत प्रत्येक विधानाचा घटकाशी असलेला बंध, म्हणजे त्याचा भार, सारखा आहे का ते बघायचं. या दोन्ही पायऱ्या प्रौढ वयोगटांत बऱ्याचदा फारशी खळखळ न होता पार पडतात. तिसरी मात्र दमवते. तिचं मर्म वाण्याच्या तराजूवरून चटकन कळेल: दोन तराजूंना वजनं सारखीच असली तरी एकाचं पारडं रिकामं असतानाच खाली झुकत असेल, तर त्याने तोललेला गूळ दुसऱ्याशी ताडता येत नाही; आधी पासंग काढावा लागतो. तिसरी पायरी हा पासंग शोधते.

एक विधान अगदी जवळून बघू. ते कोणत्याही छापील प्रश्नावलीतलं नाही, आपल्या सोयीसाठी इथेच रचलेलं: ‘गर्दीच्या ठिकाणी मला उत्साह वाटतो.’ पुढे पाच चौकटी, ‘अजिबात नाही’पासून ‘अगदी खरं’पर्यंत. सत्तावीस वर्षांची एक मुलगी क्षणात शेवटची चौकट भरते. आता तोच कागद एकाहत्तरीच्या आजींच्या हाती द्या. या आजी बोलक्या. भाजीवालीची तीन पिढ्यांची खबर त्यांना ठाऊक, जिन्यात भेटलेल्या माणसाला घरात ओढून चहा पाजल्याशिवाय त्या सोडत नाहीत. पण ‘गर्दी’पाशी त्यांची पेन्सिल थबकते. गर्दी म्हणजे धक्के, उभं राहिल्यावर ठणकणारा गुडघा, कानातल्या यंत्रात मिसळून गेलेले सगळे आवाज. त्या दुसऱ्या चौकटीत खूण करतात. बेरीज करणारा म्हणतो, आजी वयाने अंतर्मुख झाल्या. तिसरी पायरी म्हणते, थांबा: ज्यांची बहिर्मुखता बाकी सगळ्या विधानांवरून तंतोतंत सारखी आहे अशा तरुण आणि वृद्ध माणसांची उत्तरं या एका विधानावर पद्धतशीर वेगळी येताहेत, तेव्हा हा फरक बहिर्मुखतेचा नाही, या विधानाचा आहे. किती नाजूक न्याय आहे हा! आजींचा स्वभाव आणि आजींचा गुडघा, या दोघांना गणिताने वेगळं करून दाखवणं. आणि हा न्याय ज्या काट्यावर तोलला जातो तो तर नखाएवढा: पायऱ्या चढताना जुळणीचा एक ठरावीक निर्देशांक ०.०१पेक्षा जास्त घसरला नाही तर पुढे जा, असा २००२ साली च्युंग आणि रेन्सवोल्ड यांनी सुचवलेला दंडक आजही सर्रास पाळला जातो.

हा खटाटोप नसता तर पुढची मोठमोठी विधानं हवेत राहिली असती. १९९९ साली मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी जर्मनी, इटली, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि दक्षिण कोरिया या पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक प्रौढांची तुलना केली. अस्थिरता, बहिर्मुखता आणि खुलेपणा वयाबरोबर उतरणीला, मिळतेजुळतेपणा आणि कर्तव्यदक्षता चढणीला, असं साधारण तेच चित्र सगळीकडे दिसलं. कोरियातल्या आणि पोर्तुगालमधल्या पन्नाशीच्या माणसांनी पाहिलेला इतिहास किती निराळा. तरी चढउतारांची दिशा एक! पिढीविषयीची जी शंका १९७६च्या निबंधावर घ्यावी लागली, तिच्यावर काढलेला हा देखणा तोडगा. तरी बहिर्मुखता उतरते, हे वाक्य ढोबळच. २००६ साली रॉबर्ट्स, वॉल्टन आणि फीश्टबावर यांनी ९२ नमुन्यांवरचे दीर्घ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बहिर्मुखतेचे दोन पदर सुटे झाले: चार माणसांत ठामपणे उभं राहण्याचा पदर तारुण्यात चढत जातो, आणि माणसांच्या घोळक्यात रमण्याचा पदर पुढे हळूहळू खाली येतो. आजी आपलं म्हणणं सोसायटीच्या सभेत ठणकावून मांडतात आणि वरातीत जायला मात्र नको म्हणतात, याला दोन स्वभाव लागत नाहीत; एकाच नावाखाली बांधलेल्या दोन गोष्टी लागतात.

अगदी अलीकडच्या कामात दोन युक्त्या फार लोभस आहेत. त्यांतली एक त्या घाऊक रकान्याचा बंदोबस्त करते. गट पाडायचेच नाहीत. प्रत्येक वयावर थांबायचं, त्या वयाच्या आसपासच्या माणसांच्या उत्तरांना अधिक वजन द्यायचं, दूरच्यांना कमी, आणि तिथली रचना काढून पुढच्या वयावर सरकायचं. म्हणजे पंचावन्न आणि ब्याऐंशी यांना एकत्र कोंबावं लागत नाही. दुसरी युक्ती मुंग्यांची. अन्नाच्या जवळच्या वाटेवर मुंग्यांचा गंध साचत जातो आणि मागून येणाऱ्या त्याच वाटेला लागतात. मार्को डोरिगो यांनी १९९२च्या आपल्या प्रबंधात या वागण्यावरून गणनाची एक रीत रचली. गाब्रिएल ओलारू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ती व्यक्तिमत्त्वाच्या विधानांना लावली. संगणकातल्या मुंग्या शेकडो विधानांतून वेगवेगळे लहान संच उचलतात. जो संच सगळ्या वयांत आपली रचना टिकवून धरतो त्यातल्या विधानांवर गंध वाढतो, आणि फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्यावर वयाने न ढळणारी विधानं उरतात. माणसाच्या स्वभावाची सगळ्या वयांना पुरणारी विधानं मुंग्यांनी निवडून द्यावीत, हे सुभाषितकाराला सुचलं नसतं.

माझा कल मात्र मुंग्यांनी न उचललेल्या विधानांकडे आहे. मापनाच्या दृष्टीने ती सदोष, आणि तुलना करायची तर ती बाजूला काढावीच लागतात, हे मान्य. पण वय स्वतःच्या तोंडाने काही बोलत असेल तर ते याच विधानांत. गर्दी, धाडस, वेग, झोप, नव्या ओळखी, जुन्या सवयी, या गोष्टींचा अर्थ पंचविशीत एक आणि पंचाहत्तरीत दुसरा होतो, आणि तो कुठे पालटतो याची नोंद तिसऱ्या पायरीवर अडखळलेल्या विधानांइतकी नेमकी क्वचितच कुठे सापडेल. १९७६चा तिसरा पुंजकाही असाच अडखळला होता. त्याच्याकडे चूक म्हणून पाठ फिरवली असती तर खुलेपणाचा घटक सापडायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

तेव्हा वाचकहो, या विषयावरचा एखादा निबंध हाती आला तर सारांश आणि निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा. मधल्या पानांवर वयोगटांचे तक्ते असतात, ते आधी उघडा. जे विधान एका वयात घट्ट आणि दुसऱ्यात सैल आहे त्यावर बोट ठेवा, ते घरातल्या सत्तरीच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांनी कोणती चौकट भरली असती आणि का, हे सावकाश विचारा.